अध्यक्षांच्या यादीतील दुसरे नाव : कृष्णशास्त्री राजवाडे आणि १८८५ ची ग्रंथकार सभा



मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांची यादी तुमच्यापैकी अनेकांनी कधी ना कधी पाठ केली असेल. स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांत ती हमखास असते. यादीतील पहिले नाव न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे : पुणे, १८७८. दुसरे नाव कृष्णशास्त्री राजवाडे यांचे : पुणे, १८८५. पहिल्या नावाला चेहरा आहे, पुतळे आहेत, रस्ते आहेत. दुसऱ्या नावापाशी नजर थांबत नाही. ती पुढे हरिभाऊ आपट्यांपर्यंत घसरत जाते.

यात एक विचित्र गोष्ट आहे. राजवाडे ज्या सभेचे अध्यक्ष होते, ती सभा मराठीच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. १८८५ च्या त्याच सभेचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांनी नाकारले आणि नकाराचे कारण सांगणारे पत्र लिहिले. ते पत्र आज बहुतेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत या ना त्या रूपाने येते. म्हणजे सभेला न आलेले गृहस्थ आपल्याला ठाऊक आहेत आणि सभेच्या अध्यक्षस्थानी बसलेले गृहस्थ ठाऊक नाहीत. या घटकात आपण त्या अध्यक्षांचा परिचय करून घेऊ आणि मग त्या पत्राकडे पुन्हा एकदा, थोड्या वेगळ्या बाजूने, पाहू. माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो : राजवाडे यांचे ग्रंथकार्य नीट समजून घेतल्याशिवाय फुले यांच्या नकाराचे वजन पूर्णपणे कळत नाही, आणि तो नकार वाचल्याशिवाय राजवाडे यांना मिळालेल्या मानाचा अर्थ लागत नाही.

नावाचा घोटाळा

प्रथम एक व्यावहारिक सूचना. उत्तरपत्रिका तपासताना दरवर्षी आढळणारी चूक अशी की, कृष्णशास्त्री राजवाडे यांना 'इतिहासाचार्य' ठरवले जाते. इतिहासाचार्य म्हणजे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६). मराठ्यांच्या इतिहासाची साधने त्यांनी गोळा केली, ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरण त्यांनी लिहिले. १८८५ साली ते बावीस वर्षांचे तरुण होते. आपले कृष्णशास्त्री राजवाडे (१८२०–१९०१) त्यांच्याहून दोन पिढ्या आधीचे. दुसरा घोटाळा 'कृष्णशास्त्री' या नावाने होतो. 'अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह' लिहिणारे कृष्णशास्त्री चिपळूणकर हे निराळे. ते १८७८ मध्येच वारले.

शास्त्री आणि त्यांचे ग्रंथ

राजवाडे यांचा जन्म झाला तेव्हा पेशवाई जाऊन दोनच वर्षे झाली होती. त्यांच्या वयाच्या पहिल्याच वर्षी, १८२१ मध्ये, पुण्यात विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पेशवे श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, ती इंग्रज सरकारने एकदम बंद केली नाही; त्या रकमेचा काही भाग या पाठशाळेकडे वळवला. हीच पाठशाळा पुढे १८५१ मध्ये इंग्रजी शाळेशी जोडली जाऊन पूना कॉलेज झाली आणि त्यातूनच डेक्कन कॉलेज उभे राहिले. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना डेक्कन कॉलेज हे नाव वेगळ्या कारणाने परिचित आहे. त्याचे मूळ असे दक्षिणेच्या पैशात आहे.

दक्षिणेचा हा पैसा मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फार महत्त्वाचा आहे. १८४९ मध्ये पुण्यातील काही सुधारक तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की, दक्षिणेच्या रकमेतून उपयुक्त मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांत तरुण जोतीराव फुले होते, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. अर्जाला यश आले आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. मराठीत ग्रंथ लिहिणे हे मोबदला व मान मिळवून देणारे काम ठरले ते तेव्हापासून. मराठी गद्याला आज आपण वापरतो ती विरामचिन्हे मेजर कँडी यांच्या 'विरामचिन्हांची परिभाषा' (१८५०) या पुस्तकाने दिली, तीही याच सुमारास. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह यांवाचूनचे मराठी गद्य वाचून पाहा. शास्त्री पिढीने काय घडवले याची कल्पना येईल.

या वातावरणात राजवाडे लिहू लागले. १८५३ चा 'अलंकारविवेक' हा त्यांचा ग्रंथ. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा ही चर्चा तोपर्यंत संस्कृत जाणणाऱ्यांच्या वर्तुळात चालत असे. ती मराठीत, छापील पुस्तकात, कोणालाही विकत घेऊन वाचता येईल अशा रूपात आणणाऱ्या आरंभीच्या प्रयत्नांत हे पुस्तक येते. आज तुम्ही साहित्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत 'उपमेय', 'उपमान', 'साधारणधर्म' हे शब्द लिहिता. त्या परिभाषेला मराठी वाक्यात बसवण्याचे काम असल्या पुस्तकांनी केले.

परंतु राजवाडे यांची खरी कामगिरी नाटकांच्या भाषांतरांची. भवभूतीचे 'मालतीमाधव' त्यांनी १८६१ मध्ये मराठीत आणले, विशाखदत्ताचे 'मुद्राराक्षस' १८६७ मध्ये. कालिदासाची 'शाकुंतल' आणि 'विक्रमोर्वशीय' ही नाटके त्यानंतरची. या क्षेत्रात त्यांचे वडीलधारे समकालीन म्हणजे 'नवनीत'कार परशुरामतात्या गोडबोले. त्यांचे 'वेणीसंहार' १८५७ चे. गद्याला गद्य आणि श्लोकांना वृत्तबद्ध पद्य, अशी या भाषांतरांची सर्वसाधारण रीत होती.

ही भाषांतरे मुख्यतः वाचण्यासाठी होती हे खरे. रंगभूमीवर तेव्हा विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत सुरू केलेल्या परंपरेतील पौराणिक खेळ चालत. त्यांत राक्षसांचा आरडाओरडा असे आणि पात्रांची भाषणे बरीचशी आयत्या वेळची असत. बांधीव संवाद, अंकांची रचना आणि एका पात्राच्या मनातील द्वंद्व ही शिस्त मराठी नाटककारांनी दोन दिशांनी घेतली : इंग्रजी नाटकांकडून आणि या संस्कृत भाषांतरांकडून. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा शकुंतलेची कथा मराठी संवादात ऐकण्याची तयारी सुशिक्षित वर्गात आधीच झाली होती. गोडबोले आणि राजवाडे या दोघांचीही 'शाकुंतले' त्याआधी छापून आली होती. किर्लोस्करांचे यश आपण साजरे करतो; त्यामागच्या शास्त्र्यांचे स्मरण ठेवत नाही. हा अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. रंगभूमीवर गाजलेले नाव आणि मुखपृष्ठावर छापलेले नाव यांचे नशीब नेहमीच वेगळे असते.

राजाची भाषा आणि कोळ्याची भाषा

येथे थोडे थांबून भाषेच्या अंगाने विचार करू, कारण पुढच्या विवेचनाला त्याचा उपयोग आहे.

संस्कृत नाटक केवळ संस्कृतात नसते. राजा, अमात्य, ऋषी हे संस्कृत बोलतात. बहुतेक स्त्रिया, सेवक, शिपाई, व्यापारी हे प्राकृत बोलतात. विदूषक जातीने ब्राह्मण असूनही प्राकृतच बोलतो. प्राकृतांतही पायऱ्या आहेत : उच्चकुलीन स्त्रियांचे गद्य शौरसेनीत, त्यांची गीते महाराष्ट्रीत, आणि अगदी खालच्या मानलेल्या पात्रांची भाषा मागधी. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकाच्या आरंभी राजाची अंगठी सापडलेला कोळी शिपायांच्या हाती लागतो. तो मागधीत बोलतो. शिपाई त्याच्या धंद्याची चेष्टा करतात आणि तो आपल्या पिढीजात कामाचे समर्थन करतो. नाटकातील ही फार जिवंत जागा आहे. 'मुद्राराक्षसा'त चंदनदास हा रत्नांचा व्यापारी मित्राच्या कुटुंबाचा ठावठिकाणा सांगायचे नाकारतो आणि सुळावर जायला तयार होतो. सगळ्या नाटकात नीतीने उंच ठरणारा हा माणूस प्राकृत बोलतो. त्याला दरडावणारा चाणक्य संस्कृत बोलतो.

आता हे नाटक मराठीत आणायचे आहे. राजाही मराठी बोलणार, कोळीही मराठी बोलणार. मूळ नाटकात भाषेनेच माणसांच्या पायऱ्या दाखवल्या होत्या. भाषांतरात त्या कशाने दाखवायच्या? की दाखवायच्याच नाहीत? आणखी एक गंमत पाहा. मराठीचा वंश महाराष्ट्री प्राकृताशी जोडला जातो. म्हणजे दुष्यंताचे संस्कृत भाषण मराठीत आणणे याचा अर्थ एका दृष्टीने राजालाच प्राकृत बोलायला लावणे असा होतो. जी भाषा मूळ नाटकात शकुंतलेच्या गीतांपुरती होती, ती आता सगळ्या राजसभेची झाली.

राजवाडे यांच्या पिढीने केलेले हे काम त्या दृष्टीने लहान नाही. संस्कृत ही ज्यांची मिरासदारी होती, त्याच वर्गातील एका विद्वानाने तिच्यातले उत्तम धन लोकभाषेत आणून छापले. त्याच वेळी हेही लक्षात घ्या की, त्यांची मराठी ही पुण्याच्या शास्त्रीमंडळींची, तत्समप्रचुर, प्रमाण मराठी होती. नाटकातील कोळी मराठीत आला; पण मावळातला किंवा कोकणातला खरा कोळी जी मराठी बोलतो ती छापील पानावर आली नाही. ती येण्याची वेळ अजून व्हायची होती, असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात ती वेळ आली होती. पण तिची दखल घेतली गेली नाही.

न छापलेले नाटक

१८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. राजवाडे यांच्या 'मालतीमाधवा'च्या सहा वर्षे आधी. नाटकात एक कुणबी आणि त्याची गरोदर बायको आहे. जोशी त्यांना ग्रहांची भीती घालून लुबाडतो. एक पाद्री त्यांच्याशी वाद-संवाद करतो. विदूषक मध्येमध्ये प्रेक्षकांकडे वळून जोशीबुवांचे बिंग फोडतो. संस्कृत नाटकातील विदूषक राजाचा मित्र असतो आणि पोटासाठी विनोद करतो. फुले यांचा विदूषक कुणब्याची बाजू घेतो. हे नाटक एखाद्या जुन्या कथेचे भाषांतर नाही. ते त्या काळच्या मराठी घरातले आहे, त्या काळच्या मराठी बोलीत आहे.

हे नाटक फुले यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते स्वीकारले नाही. 'गुलामगिरी' (१८७३) मध्ये फुले यांनीच ही हकीकत सांगितली आहे. ज्या बक्षीस-योजनेच्या बाजूने ते तरुणपणी उभे राहिले, त्या योजनेच्या दारातूनच त्यांचे नाटक परत आले. ते त्यांच्या हयातीत छापलेही गेले नाही. प्रसिद्ध झाले ते १९७९ मध्ये, लिहिल्यानंतर सव्वाशे वर्षांनी.

तुमच्यापैकी काही जण चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी थेट आकुर्डीच्या संपर्कसत्राला येतात. 'तृतीय रत्न' वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर जे ओळखीचे हसू उमटते, ते 'मालतीमाधवा'ला उमटत नाही. त्यावरून 'मालतीमाधव' कमी प्रतीचे ठरत नाही. मात्र कमिटीला जे ग्रंथ म्हणून दिसले आणि जे दिसले नाही, त्यात निवडीचा एक ठरावीक डोळा काम करत होता, एवढे त्यावरून निश्चित सांगता येते.

२४ मे १८८५

पहिली ग्रंथकार सभा ११ मे १८७८ रोजी पुण्यात भरली, हे आपण मागील घटकात पाहिले. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि रानडे यांचा तिच्यामागे पुढाकार होता. मराठीत ग्रंथ होत आहेत, पण ते लिहिणारे एकमेकांना भेटत नाहीत. लिहिलेले छापण्यास पैसा नाही. छापलेले विकत घेणारे नाहीत, ही तिच्यामागची काळजी होती. ही काळजी खरी होती. रानडे आधुनिक अर्थाने संस्था घडवणारे पुरुष होते. मराठीच्या ग्रंथसंपत्तीची मोजदाद त्यांनी फार बारकाईने केली होती आणि मोजदाद करणाऱ्यालाच उणिवा दिसतात.

दुसरी सभा सात वर्षांनी, २४ मे १८८५ रोजी, पुण्यातच भरली. अध्यक्षस्थानी कृष्णशास्त्री राजवाडे होते. वय पासष्ट. रानडे तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते.

सुधारक रानड्यांच्या पुढाकाराने भरलेल्या सभेत जुन्या वळणाच्या शास्त्र्यांना अध्यक्षपद का द्यावे? मला याचे कारण राजवाडे यांच्या ग्रंथांच्या यादीतच दिसते. इंग्रजी शिकलेल्या तरुणांना ते अडचणीचे नव्हते, कारण त्यांनी मराठीत लिहिले होते. शास्त्रीमंडळींना ते परके नव्हते, कारण त्यांनी संस्कृतातूनच आणले होते. अलंकारशास्त्र आणि नाटक या दोन्हींत पदरी काम होते. दोन पिढ्यांना एका सतरंजीवर बसवू शकेल असे ते नाव होते. आजही अध्यक्षपदासाठी जेव्हा 'सर्वमान्य' नाव शोधले जाते, तेव्हा हाच हिशोब चालतो. हिशोब चुकीचा नव्हे. प्रश्न एवढाच की, त्या सतरंजीवर कोण कोण मावते.

'अध्यक्ष' या शब्दाकडेही एकदा पाहा. 'अधि' म्हणजे वर आणि 'अक्ष' म्हणजे डोळा. वरून नजर ठेवणारा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेती, जकात, वजने-मापे अशा एकेका खात्यावर 'अध्यक्ष' नेमलेले आहेत. ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणाचे नावच 'अध्यक्षप्रचार' आहे. 'मुद्राराक्षसा'चा नायक चाणक्य मराठीत आणणाऱ्या राजवाड्यांना हा ग्रंथ मात्र छापील रूपात पाहता आला नाही. त्याची पहिली मुद्रित आवृत्ती १९०९ ची. शब्दाचा अर्थ काळाबरोबर बदलला : खात्यावर देखरेख करणारा अधिकारी जाऊन सभेचे प्रतिनिधित्व करणारा मानकरी आला. प्रतिनिधित्व आले की 'कोणाचे?' हा प्रश्न येतोच.

पत्र

१८८५ च्या सभेचे निमंत्रण फुले यांना गेले. ही गोष्ट आपण पुरेशी लक्षात घेत नाही. 'गुलामगिरी' छापून बारा वर्षे झाली होती, 'शेतकऱ्याचा असूड' लिहून दोन वर्षे झाली होती. संयोजकांनी त्यांना ग्रंथकार म्हणून मोजले. रानडे आणि फुले यांचे संबंधही शत्रुत्वाचे नव्हते. १८७५ मध्ये पुण्यात स्वामी दयानंद सरस्वतींची मिरवणूक निघाली तेव्हा ती सुरक्षित पार पडावी म्हणून रानड्यांच्या बाजूने फुले आपल्या माणसांसह उभे राहिले होते. म्हणून निमंत्रण हा उपचार नसावा, असे मला वाटते.

फुले यांनी नम्रपणे पोच दिली आणि येण्याचे नाकारले. त्यांचे पत्र 'ज्ञानोदय'मध्ये ११ जून १८८५ रोजी छापून आले. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा. जी माणसे सर्व माणसांचे हक्क उघडपणे आणि खुशीने मान्य करत नाहीत, त्यांच्या सभा व त्यांची पुस्तके यांच्याशी आमच्या सभांचे व पुस्तकांचे जुळू शकत नाही. त्यांच्या पूर्वजांनी आम्हाला दास्यात ठेवले आणि त्याचे समर्थन ग्रंथांत लिहून ठेवले. शूद्रातिशूद्रांना काय सोसावे लागते हे दुरून पाहणाऱ्या ग्रंथकारांना कळणार नाही. आमचा विचार आम्हालाच करावा लागेल. आणि शेवटी एक सूचना : सर्वांची एकी हवीच असेल, तर माणसामाणसांत टिकाऊ बंधुभाव कशाने वाढेल त्याचे बीज शोधा आणि ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध करा.

हा शेवटचा भाग वाचताना पुष्कळ जण घाई करतात. फुले यांनी ग्रंथ नको म्हटले नाही. कोणता ग्रंथ हवा तेच सांगितले.

पत्रात राजवाडे यांचे नाव नाही, आणि पत्र त्यांच्या विरोधात लिहिलेले नाही. ते संयोजकांना उद्देशून आहे. पण 'त्यांच्या ग्रंथां'विषयी फुले जे बोलतात, ते ऐकताना त्या अध्यक्षांच्या ग्रंथांची यादी मनासमोर ठेवा. अलंकार. भवभूती. विशाखदत्त. कालिदास. एका साक्षेपी विद्वानाची आयुष्यभराची मेहनत त्या यादीत आहे. तिच्यात जुन्या काळचा राजा आहे, अमात्य आहे, अप्सरा आहे. १८७६–७७ च्या दुष्काळात होरपळलेला पुणे-सोलापूरकडचा कुणबी नाही. हा त्या शास्त्र्यांचा वैयक्तिक दोष म्हणून मांडणे अन्यायाचे होईल. भाषांतरकार काय निवडतो हे त्याच्या शिक्षणावर, त्याच्या वाचकांवर आणि बक्षीस देणाऱ्यांवर अवलंबून असते. मात्र 'मराठी ग्रंथकारांची सभा' असे नाव घेऊन ती यादी मानाच्या जागी ठेवली गेली, तेव्हा तिच्यातली पोकळी सर्वांसमोर आली. आणि ती पोकळी ज्याला दिसली त्याने ती लिहून कळवली.

'आपण' आणि 'आम्ही'

भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत तुम्ही मराठी सर्वनामांचा एक भेद शिकलात. प्रथमपुरुषी अनेकवचनाला मराठीत दोन रूपे आहेत. 'आपण' समावेशक आहे : बोलणारा आणि ऐकणारा दोघेही त्यात येतात. 'आम्ही' व्यावर्तक आहे : ऐकणारा त्यातून वगळलेला असतो. 'आपण उद्या देहूला जाऊ' आणि 'आम्ही उद्या देहूला जाऊ' या वाक्यांतला फरक मराठी मुलाला तीन-चार वर्षांच्या वयात कळतो. हिंदीच्या 'हम'मध्ये हा भेद नाही. गुजरातीत आहे, तेलुगू-तमिळमध्येही आहे.

सभा बोलावणाऱ्याची भूमिका नेहमी 'आपण'ची असते. आपली भाषा, आपले ग्रंथ, आपण सारे मिळून. फुले यांच्या पत्राचे व्याकरण 'आम्ही'चे आहे. त्यात आमच्या सभा आहेत, आमची पुस्तके आहेत, आमचा विचार आहे. शिवाय निमंत्रण पाठवणाऱ्याला पत्र लिहीत असूनही, आरंभीचे संबोधन संपताच ते समोरच्या पक्षाबद्दल तृतीयपुरुषात, 'ते' आणि 'त्यांचे' असे बोलू लागतात. समोर असलेला माणूस वाक्यरचनेनेच दूर सरकतो. पत्राची धार त्यातील कडक शब्दांत आहे असे सामान्यतः समजले जाते. मला ती या सर्वनामांत अधिक दिसते. 'आपण' म्हणण्याचा अधिकार निमंत्रणाने मिळत नाही, हे त्यांनी व्याकरणाने सांगितले.

'ग्रंथकार' या शब्दाचीही अशीच तपासणी करता येते. ग्रंथ म्हणजे मुळात गुंफलेले, बांधलेले. पाने दोऱ्यात ओवून केलेली पोथी. ज्याचे शब्द बांधले जातात तो ग्रंथकार. मग ज्यांचे शब्द बांधले गेलेच नाहीत त्यांचे काय? ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि पहिला मुक्काम आपल्या आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात करते. त्या रात्री मंदिराच्या आवारात जे गायले जाते, त्यातले बरेचसे गाणाऱ्यांनी पुस्तकातून घेतलेले नसते. पुढे संमेलनाने 'ग्रंथकार' हा शब्द मागे टाकून 'साहित्य' हा शब्द स्वीकारला. तो अधिक रुंद आहे. पण त्या रुंदीत सर्वांना जागा मिळायला आणखी पुष्कळ वर्षे लागली. पहिल्या स्त्री अध्यक्षा कुसुमावती देशपांडे यांची निवड १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनासाठी झाली, यावरून वेळेचा अंदाज करा.

स्वयं-अध्ययन

पुढील कृती वहीत करा. उत्तर अभ्यासकेंद्राकडे पाठवायचे नाही; संपर्कसत्रात त्यावर बोलू.

'मुद्राराक्षसा'च्या पहिल्या अंकातील चाणक्य–चंदनदास संवाद आणि 'तृतीय रत्ना'तील जोशी–कुणबी संवाद शेजारी शेजारी ठेवून वाचा. 'मुद्राराक्षसा'चे कोणतेही मराठी भाषांतर चालेल. दोन्हीकडे एक जाणता माणूस एका व्यवहारी माणसाला भीती घालतो आहे. कोण कोणाला 'तू' म्हणतो आणि कोण 'आपण' किंवा 'महाराज' म्हणतो, याची नोंद करा. तत्सम शब्द कोणाच्या तोंडी अधिक येतात ते मोजा. मग तुमच्या कामाच्या ठिकाणी पर्यवेक्षक आणि कंत्राटी कामगार यांच्यात चालणारे एखादे बोलणे आठवून त्याच रीतीने तपासा.

सभेनंतर

१८८५ नंतर ग्रंथकार सभा वीस वर्षे भरली नाही. तिसरी भरली ती १९०५ मध्ये साताऱ्यात, रघुनाथ पांडुरंग करंदीकर यांच्या अध्यक्षतेखाली. राजवाडे १९०१ मध्ये वारले होते. म्हणजे उरलेल्या सोळा वर्षांच्या आयुष्यात ते या सभेचे सर्वांत अलीकडचे अध्यक्षच राहिले; त्यांच्याकडून ते पद घेणारा कोणी आला नाही. त्याच वर्षी, १९०१ मध्ये, रानडेही गेले. फुले १८९० मध्येच गेले होते.

पुढे संमेलन वाढत गेले. २०१६ च्या जानेवारीत एकोणनव्वदावे संमेलन आपल्याच पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर भरले. अध्यक्ष होते श्रीपाल सबनीस. तुमच्यापैकी काही जण तेव्हा पुस्तकांच्या दालनांतून फिरले असतील. १८७८ च्या सभेची मुख्य काळजी पुस्तके विकत घेणारे नाहीत ही होती. पिंपरीच्या त्या दालनांत कारखान्याच्या गणवेशातले लोक हातात पिशव्या घेऊन उभे होते. राजवाडे यांची भाषांतरे मात्र आता जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांतच शोधावी लागतात. ज्यांना प्रकल्पासाठी विषय हवा आहे त्यांनी त्यांचे 'मुद्राराक्षस' मिळवून त्यातील चंदनदासाच्या भाषेचा अभ्यास करावा. हा विषय मी आनंदाने मंजूर करीन.

पुढील घटकात आपण १९०६ चे अध्यक्ष गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याकडे वळू. त्यांच्याच संमेलनाच्या वेळी, २७ मे १९०६ रोजी, पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली. त्यांच्या घरातील दुसरे लेखकनाव, काशीबाई कानिटकर, तुम्ही बहुधा आधीच ऐकले असेल.